रिपोर्ट चांगले, मग बरं का वाटत नाही?

आमवात, ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना धरणारा), सोरायसिस, शोग्रेन (डोळे आणि तोंड कोरडं पाडणारा), थायरॉइड. पत्रांतली आजारांची नावं निरनिराळी आहेत, पण मूळ एकच: शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटलेली. या ऑटोइम्यून आजारांबद्दल या वेळी आलेल्या पत्रांत औषधांपेक्षा रोजच्या जगण्याचे प्रश्न जास्त आहेत. म्हणून उत्तरं संधिवाततज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: मला चार वर्षांपासून आमवात आहे. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या दोन्ही आता नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, ‘सूज नाही, आजार आटोक्यात आहे.’ पण मला बरं वाटत नाही. थकवा आहे, हात दुखतात. हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. रक्ताचा रिपोर्ट एक गोष्ट मोजतो आणि तुम्ही दुसरी सांगताय, इतकंच.

आमवाताची तीव्रता मोजायला डीएएस-२८ नावाचा आकडा वापरतात. तो चार गोष्टींतून निघतो: २८ सांध्यांपैकी दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, ईएसआर किती, आणि ‘एकूण कसं वाटतंय’ याला रुग्णाने ० ते १०० मध्ये दिलेले गुण. हा आकडा २.६ च्या खाली असला की आजार शांत समजतात, ५.१ च्या वर गेला की तीव्र. आता दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. दोघींचा ईएसआर १०, दोघींचा एकही सांधा सुजलेला नाही. पहिलीचं काही दुखत नाही आणि ‘कसं वाटतंय’ला ती १० देते. तिचा आकडा येतो १.७५. दुसरीचे चार सांधे दाबल्यावर दुखतात आणि ती ६० देते. तिचा आकडा ३.५७, म्हणजे ‘मध्यम तीव्र’. सूज तीच, रक्त तेच, आणि निष्कर्ष दोन. म्हणून असा आकडा पाहून लगेच औषधाचा डोस वाढवणं बरोबर नाही, आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून घरी पाठवणं तर त्याहून चूक.

आधी शारीरिक कारणं तपासून घ्यायची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, आधीच झिजलेले सांधे, आणि फायब्रोमायल्जिया. या शेवटच्या आजारात सूज नसतानाही वेदना पोचवणारी यंत्रणा जास्त जागी राहते. आमवाताबरोबर तो बऱ्याच जणांना असतो, आणि आमवाताच्या गोळ्या वाढवून तो जात नाही. शंका असेल तर सांध्यांची सोनोग्राफी केली की लपलेली सूज आहे की नाही ते कळतं.

एवढं करूनही काही उरतं, आणि तिथे प्रश्न येतो तो आजाराबद्दलच्या आपल्या समजुतीचा. हॉवर्ड लेव्हेंथल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास हे नीट मांडलं. आजार झाला की माणूस मनाशी काही ठरलेले प्रश्न सोडवत असतो: हे नेमकं काय आहे, कशामुळे झालं, किती दिवस चालणार, माझं काय काय जाणार, आणि यावर कुणाचा काही इलाज आहे का. या प्रश्नांची जी उत्तरं मनात बसतात, त्यांवर तो पुढे वागतो. गोळी घेतो किंवा सोडतो, घराबाहेर पडतो किंवा पडत नाही. निरनिराळ्या दीर्घ आजारांवरच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. ‘या आजाराने माझं सगळं जाणार’ आणि ‘माझ्या हातात काही नाही’ असं ज्यांना ठामपणे वाटतं, त्यांचं जीवनमान, आजार तेवढाच असताना, इतरांपेक्षा खालावलेलं असतं. आधी कोंबडी की आधी अंडं हा वाद इथेही आहे, कारण आजार बिकट असेल तर समजूतही काळवंडणारच. पण समजूत बदलता येते. न्यूझीलंडमध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांशी रुग्णालयातच तीन बैठकांत फक्त याच विषयावर बोलून पाहिलं गेलं. ते इतरांपेक्षा लवकर कामावर परतले आणि छातीत दुखल्याच्या तक्रारीही त्यांच्या कमी होत्या. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला.

प्रश्न: पण स्वतःची समजूत तपासायची कशी? ‘सकारात्मक राहा’ हे ऐकून कंटाळले आहे.

तुमचा कंटाळा रास्त आहे. हवी ती खरी समजूत, गोड समजूत नव्हे. ती तपासण्यासाठी २००६ पासून एक छोटी प्रश्नावली जगभर वापरात आहे. तिचा सारांश कागदावर उतरवून घ्या. प्रत्येक प्रश्नाला ० ते १० मध्ये गुण द्यायचे.

१. आजाराचा माझ्या आयुष्यावर किती परिणाम होतो?
२. तो किती काळ राहील असं वाटतं? (१० म्हणजे कायम)
३. आजारावर माझा स्वतःचा किती ताबा आहे?
४. उपचारांचा किती उपयोग होतो?
५. लक्षणं किती जाणवतात?
६. किती काळजी वाटते?
७. हा आजार मला किती समजला आहे?
८. मनावर किती परिणाम होतो? (राग, भीती, उदासी)

नवव्या प्रश्नाला आकडा नाही: आजार कशामुळे झाला असं वाटतं, ती तीन कारणं क्रमाने लिहा.

तीन, चार आणि सात या प्रश्नांत मोठा आकडा चांगला, बाकीच्यांत उलट. बेरीज करत बसू नका, तिने काही कळत नाही. एकेका उत्तरापुढे ‘कशावरून?’ एवढंच लिहा आणि पुरावा मांडा. खरं काम इथेच होतं. समजा, ताब्याला तुम्ही २ दिलेत. कशावरून? ‘वर्षभरात तीन वेळा दुखण्याने उचल खाल्ली.’ बरोबर आहे. पण त्या तिन्ही वेळी काय काय झालं? एकदा गोळ्या संपल्या होत्या, एकदा व्हायरल ताप होता, एकदा काहीच कारण सापडलं नाही. म्हणजे तीनपैकी एक वेळ टाळता आली असती, एकीचं कारण तरी कळलं, आणि एक खरोखरच कुणाच्या हातची नव्हती. ‘माझ्या हातात काही नाही’ हे वाक्य आता पहिल्याइतकं खरं राहिलं नाही.

ताब्याला १० देणाऱ्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते. ‘मी सगळं पथ्य पाळलं तर हा आजार उठणारच नाही’ अशी ज्यांची खात्री असते, ते पुढच्या उचलीला स्वतःलाच दोषी धरतात. आजारावरचा ताबा वेगळा आणि दिवसावरचा ताबा वेगळा. औषधाची वेळ, झोप, व्यायाम, धूम्रपान सोडणं, डॉक्टरांना वेळेत कळवणं, कामाची वाटणी, हे दिवसाचं. उचल नेमकी कधी येईल, हे आजाराचं. कागदावर दोन रकाने करून हे वेगळं लिहा.

दुसऱ्या प्रश्नाला १० आले तर घाबरू नका. बहुतेक ऑटोइम्यून आजार कायमचेच असतात, त्यामुळे ते उत्तर बरोबरच आहे. ‘कायम राहणार’ याचा मनात ‘कायम वाढत जाणार’ असा अर्थ होऊन बसतो, तिथे घोटाळा होतो. हे आजार चढतात, उतरतात, वर्षानुवर्षं शांतही राहतात.

एक खबरदारी: वाईट दिवशी भरलेला कागद सगळाच काळा दिसतो. म्हणून एकदा वाईट आणि एकदा बऱ्या दिवशी भरा. ज्या उत्तरांत चार-पाच गुणांची तफावत येते, ती उत्तरं त्या दिवसाची आहेत, आजाराची नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा भरताना जुना कागद आधी पाहू नका.

प्रश्न: माझ्या पत्नीला ल्युपस आहे. डोकं दुखलं, घसा बसला, झोप लागली नाही की ती म्हणते, ‘ल्युपसच.’ मी ‘काही नाही गं’ म्हटलं की भांडण होतं. कोण बरोबर?

दोघंही थोडे थोडे चुकताय. कोणतं लक्षण आजाराच्या खात्यावर मांडायचं, ही सुद्धा एक समजूतच आहे. सगळीच लक्षणं त्या खात्यावर गेली की आजार आहे त्यापेक्षा मोठा वाटतो आणि भीती दिवसभर पाठ सोडत नाही.

दोन आठवडे एक वही ठेवा. पहिल्या रकान्यात लक्षण, दुसऱ्यात ‘ल्युपसमुळेच वाटतं का? हो/नाही’, तिसऱ्यात ‘दुसरं काय असू शकेल?’. उदाहरणार्थ: ‘डोकेदुखी – हो – रात्री चार तास झोप, चष्म्याचा नंबर तपासून दोन वर्षं झाली.’ दुसरा रकाना त्यांनीच भरायचा, तुम्ही नाही. वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवायची.

‘काही नाही गं’ हे शब्द मात्र सोडा. काही लक्षणं खरोखरच वाट न पाहता दाखवायची असतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, लघवीला फेस किंवा रक्त, पायांवर किंवा डोळ्यांभोवती नव्याने आलेली सूज, छातीत दुखणं, धाप लागणं, एका हातापायातली शक्ती जाणं, फिट येणं, अचानक गोंधळल्यासारखं होणं. ल्युपस मूत्रपिंडावर उतरला तर सुरुवातीला दुखत काहीच नाही, म्हणून लघवीची तपासणी बरं वाटत असतानाही चुकवायची नाही. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली की बाकीच्या लक्षणांना घाबरण्याचं कारण आपोआप कमी होतं.

आणखी एक करून बघा. वरची आठ प्रश्नांची प्रश्नावली ‘माझ्या पत्नीचा आजार’ समजून तुम्हीही भरा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. ज्या प्रश्नात सर्वांत जास्त फरक आहे, फक्त त्यावर बोला. घरातल्या दोघांची समजूत जुळत नाही तेव्हा रुग्णाला आजाराबरोबर एकटेपणही सोसावं लागतं. रोज ‘कशी आहेस?’ विचारलं की उत्तर ‘ठीक’ येतं. ‘आज थकवा दहापैकी किती?’ विचारलं की उत्तराने काही कळतं, आणि कामाची वाटणीही लगेच ठरवता येते.

प्रश्न: बरं वाटायला लागल्यावर मी मेथोट्रेक्सेट, म्हणजे आमवातासाठी दिलेलं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, बंद केलं. सहा आठवडे काही झालं नाही, मग दोन्ही मनगटं सुजली. दुखत नसताना औषध घ्यायचं म्हणजे उगाच विष पोटात ढकलणं नाही का?

‘दुखतं म्हणजे आजार आहे, दुखत नाही म्हणजे नाही’ ही समज सर्दीतापाला लागू पडते, आमवाताला नाही. मेथोट्रेक्सेटचा असर यायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात आणि जायलाही वेळ लागतो. म्हणूनच बंद केल्यावर सहा आठवडे काही झालं नाही. औषध नको होतं असा त्याचा अर्थ नव्हता. आधीच्या औषधाची पुण्याई तोवर पुरली.

औषधाबद्दल मनात दोन पारडी असतात: ‘याची मला गरज आहे’ आणि ‘याची मला भीती वाटते’. दुसरं जड झालं की गोळ्या सुटतात, आणि रुग्ण ते सहसा डॉक्टरांना सांगत नाही. तुम्ही सांगा. भीती निराधार नाही. हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून वार कॅलेंडरवर लिहा, गोळ्यांच्या पाकिटावरही लिहा. बरोबर फॉलिक अ‍ॅसिड दिलं जातं, ते डॉक्टर सांगतील त्या दिवशी. सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी आणि पुढे दर ८ ते १२ आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या असतात. मूल हवं असेल तर हे औषध आधीच, डॉक्टरांना विचारून थांबवावं लागतं. या तपासण्या म्हणजे तुमच्या भीतीवरचा पहारा आहे. त्या वेळेवर केल्या की दुसरं पारडं हलकं होतं.

आजार बराच काळ शांत असेल तर डोस कमी करता येतो, पण पायरीपायरीने आणि देखरेखीखाली. स्टेरॉइड तीन-चार आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते एकदम कधीही थांबवू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं तोवर मंदावलेलं असतं. अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळू शकतो.

प्रश्न: मी फार ताण घेत होते म्हणून आमवात झाला का? आणि माझ्या मुलीलाही होईल का?

एकट्या ताणाने आमवात होत नाही. जनुकं, स्त्री असणं, धूम्रपान अशा अनेक गोष्टी एकत्र येतात, आणि त्यांतली धूम्रपान सोडली तर बहुतेक कुणी निवडलेल्या नसतात. ताणाने वेदना आणि झोप बिघडते हे खरं. तो कमी करण्याचा फायदा आज आहे, पण त्यावरून मागचा हिशेब मांडू नका. मुलीबद्दल: अगदी एकसारखी जनुकं असलेल्या जुळ्यांतसुद्धा एकाला आमवात असेल तर दुसऱ्याला तो सुमारे १५ टक्केच वेळा होतो. आईकडून मुलीकडे येणारी जोखीम त्याहून कमी. लक्षणं नसताना तिच्या तपासण्या करू नका.

प्रश्न: बऱ्या दिवशी मी सगळी कामं उरकते आणि पुढचे दोन दिवस आडवी. यातून बाहेर कसं पडायचं?

यामागेही एक समजूत आहे: ‘आज बरं आहे, उद्याचा भरवसा नाही, तेव्हा आजच उरकून घ्या.’ त्यामुळे उद्या खरंच वाईट जातो आणि समजूत आणखी पक्की होते. ही साखळी घड्याळाने तोडायची, दुखण्याने नाही.

आधी सात दिवस फक्त नोंद करा: काम, किती मिनिटं, थकवा ० ते १० मध्ये किती. काही बदलू नका. मग एक काम निवडा, समजा उभं राहून करायचं. तीन वेगवेगळ्या दिवशी त्रास वाढायच्या आत ते किती वेळ जमलं? ४० मिनिटं, २० मिनिटं, ३० मिनिटं. सरासरी ३०. तिचे ८० टक्के म्हणजे २४ मिनिटं. ही तुमची सुरुवातीची मर्यादा. २४ मिनिटांचा गजर लावा, वाजला की थांबा, ५ ते १० मिनिटं बसा, मग पुढे. हे जमलं की दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढवा, म्हणजे दोन-तीन मिनिटं.

बिघडतं ते बऱ्या दिवशीच. गजर वाजतो, अंगात जोर असतो, चार भांडी राहिलेली दिसतात आणि ‘एवढं करूनच बसते’ म्हणून आणखी अर्धा तास जातो. ज्या दिवशी थांबावंसं वाटत नाही त्याच दिवशी थांबणं, हा या सगळ्याचा गाभा आहे. वाईट दिवशी उलट: पूर्ण झोपून राहू नका, मर्यादेच्या निम्मं तरी करा.

व्यायामाने सांधे झिजतील ही भीतीही पुष्कळ पत्रांत आहे. चालणं, सायकल, पाण्यातला व्यायाम, हलके वजन उचलणं यांनी आमवातात थकवा आणि वेदना कमी होतात. १० मिनिटांपासून सुरू करा. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचं. खूण सोपी आहे: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांपेक्षा जास्त टिकलं तर पुढच्या वेळी कमी करा, बंद नको. सांधा गरम आणि सुजलेला असेल त्या दिवशी त्यावर भार नको. तो फक्त हळुवार पूर्ण फिरवा.

प्रश्न: हे सगळं कळतं, पण काहीच करावंसं वाटत नाही. हा आजाराचाच भाग आहे का?

असू शकतो, नैराश्यही असू शकतं, आणि दोन्ही एकत्र असणं या आजारांत नवलाचं नाही. स्वतःला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत एरवी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? उदास, हताश वाटलं का? प्रत्येकाला ० (अजिबात नाही) ते ३ (जवळजवळ रोज) गुण द्या. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी करून घ्या. नैराश्याचा उपचार वेगळा असतो, आणि तो होईपर्यंत वरच्या कुठल्याच सूचना अंगी लागत नाहीत. जगणं नको असा विचार येत असेल तर आजच घरातल्या कुणाला तरी आणि डॉक्टरांना सांगा, पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

प्रश्न: डॉक्टरांची दहा मिनिटं मिळतात. त्यात यातलं काय सांगायचं?

तीन ओळी घरूनच लिहून न्या. पहिली, सकाळी सांधे किती मिनिटं आखडलेले असतात (‘थोडा वेळ’ असं नको, १५ आणि ९० यांचे अर्थ वेगळे आहेत). दुसरी, जमेनासं झालेलं एक नेमकं काम: बटण लावणं, बरणीचं झाकण उघडणं, जिना चढणं, केस विंचरणं. तिसरी, तुम्हाला सर्वांत जास्त कशाची भीती वाटते ती, तुमच्याच शब्दांत. ही तिसरी ओळ बहुतेक जण उठता उठता, दारात सांगतात, तेव्हा तिला वेळ उरत नाही. ती पहिल्यांदा सांगा.

आमवात अजून आटोक्यात आला नसेल तर दर एक ते तीन महिन्यांनी भेट आणि तीन महिन्यांत काहीच फरक नसेल तर औषधात बदल, ही आजची मान्य पद्धत आहे. ‘बघू, पुढे या’ एवढंच ऐकायला मिळालं तर कधी आणि कोणत्या आकड्यावर बदल करणार, हे विचारायला संकोचू नका. उठण्याआधी आणखी एकच विचारा: ‘पुढच्या भेटीपर्यंत काय झालं तर मी वाट न पाहता कळवायचं?’ जे उत्तर मिळेल ते त्याच कागदावर, तिथेच, त्यांच्यासमोर लिहून घ्या.